आजीच्या ओव्या, वरचा पीसी, खालचा पीसी : प्रकल्प नोंदी

६ डिसेंबर २०२५, शनिवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईने २०१४ पासून जमतील तशा रेकॉर्ड केल्या. कधी स्वयंपाकघरात, कधी अंगणात, दोनदा दवाखान्यातल्या खाटेवर. आजी या जानेवारीत गेली. ११ जानेवारीला वर्षश्राद्ध आहे, तेव्हा तिन्ही आत्यांच्या हातात या ओव्या नीट लावून द्यायच्या, असं आईने ठरवलं आहे. एकूण ३१२ फाइली, साधारण ६२ तासांचा आवाज, ६४ जीबी.

आई खाली माजघरात बसते. तिच्या पीसीवर विंडोज ११ प्रो आहे. ती ऐकते, ओव्या लिहून काढते, फाइलींना नावं देते. मी माडीवर लिनक्स मिंटवर काम करते, म्हणजे माझ्या पीसीवर विंडोज नाही, ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. पंख्याची घरघर आणि विजेच्या तारांमुळे येणारा ५० हर्ट्झचा गुणगुणाट काढून टाकते. ४ टीबीची डिस्क माझ्याकडे आहे.

आजवर पेन ड्राइव्ह वर-खाली न्यायचो. गेल्या आठवड्यात आईने १४ फाइलींची गावं तपासून नावं दुरुस्त केली. त्याच वेळी मी त्याच १४ फाइली जुन्या नावांनी साफ करत होते. कुठली कुठली हे जुळवण्यात अख्खी संध्याकाळ गेली, आणि दोन फाइलींबद्दल अजूनही खात्री नाही. म्हणून एकच फोल्डर हवा. तो वरच्या डिस्कवर राहील आणि दोघींना एकाच वेळी उघडेल.

आज साम्बा बसवलं, म्हणजे लिनक्सवरचा फोल्डर विंडोजला उघडू देणारा प्रोग्रॅम, आणि फोल्डर शेअर केला. खालून उघडायला गेले तर ‘नेटवर्क पाथ सापडत नाही’. कोडचे शेवटचे आकडे ८००७००३५.

काही बदलायच्या आधी दोन्हीकडचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर मशीनला मिळालेले क्रमांक, लिहून ठेवते. खाली १९२.१६८.१.७. वर १९२.१६८.०.१०५.

वरून खालच्याला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक मारली, उत्तर नाही. खालून वरच्याला, तिथेही उत्तर नाही. आज इथेच थांबते.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी खालच्या पीसीत पाहिलं, नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं आहे. विंडोज नवं नेटवर्क जोडलं की ते आधी परकं धरतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरचं वायफाय असावं तसं, आणि बाहेरून आलेल्या हाकेला ओ देत नाही. ते ‘प्रायव्हेट’ केलं आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू केलं. त्यासरशी पिंगला उत्तर द्यायची परवानगीही आपोआप मिळते.

आता वरून खालच्याला पिंग केलं तर उत्तर आलं. खालून वरच्याला मात्र अजून नाही.

एका बाजूने ऐकू येतं, दुसऱ्या बाजूने नाही. हे फार बोलकं होतं. फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या हाका अडवणारी भिंत, असेल म्हणून वरच्या मशीनच्या मागे लागणार होते, तेवढ्यात काल लिहिलेले पत्ते परत वाचले. एकाचा तिसरा आकडा १, दुसऱ्याचा ०. म्हणजे दोन्ही मशीन एका नेटवर्कवर नाहीतच.

कारण घराच्या भिंतीत आहे. वाईतलं जुनं घर, दगडी भिंती दीड-दोन फूट जाड. खालचं वायफाय माडीवर पोचत नाही, म्हणून काही वर्षांपूर्वी एक जुना राउटर वर लावला आणि खालच्या डब्यातून, म्हणजे इंटरनेटच्या मुख्य राउटरमधून, आलेली केबल त्याच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या भोकात, घातली. इंटरनेट उत्तम चालतं, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही. पण वॅन पोर्टमध्ये केबल घातली की तो राउटर आपलं वेगळं नेटवर्क थाटतो आणि त्याच्या तोंडाशी स्वतः बसतो. वाड्याच्या दिंडी दरवाजासारखं. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, आणि त्याच्यासाठी आलेलं उत्तर दरवाजावरचा माणूस आत पोचवतो. बाहेरून कुणी थेट आतल्याचं नाव घेतलं तर असा माणूस इथे राहतो हेच बाहेर ठाऊक नसतं. खालचा पीसी १९२.१६८.०.१०५ ला हाक मारतो, खालच्या डब्याला तो पत्ता माहीत नाही, आणि ती हाक इंटरनेटच्या दिशेने जाऊन विरते.

खालच्या पीसीवर फोल्डर ठेवला असता तर वरून तो कदाचित पहिल्याच दिवशी उघडला असता, आणि हा दोष घरात तसाच दबून राहिला असता.

८ डिसेंबर, सोमवार

वरच्या राउटरला फक्त वायफायचा खांब करून टाकला. त्याच्या मेनूत तयार ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ पर्याय नाही, तेव्हा हाताने. क्रम महत्त्वाचा, म्हणून लिहिते. आधी खालच्या डब्यात पत्ते वाटायची सुरुवात २ ऐवजी २० पासून केली, म्हणजे २ हा आकडा मोकळा राहिला. मग वरच्या राउटरला केबलने जोडून त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. शेवटी त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद केलं. हे सगळं झाल्यावरच खालून आलेली केबल वॅनमधून काढून साध्या लॅन पोर्टमध्ये घातली. डीएचसीपी बंद न करता केबल हलवली असती तर एका घरात पत्ते वाटणारे दोघे झाले असते, आणि तो घोळ शोधणं याहून कठीण.

वरचा पीसी परत चालू केला, नवा पत्ता मिळाला. खालच्या डब्यात त्याच्यासाठी १९२.१६८.१.५० कायमचा राखून ठेवला.

पिंग दोन्ही बाजूंनी पोचतं. फोल्डर मात्र अजून उघडत नाही. पण आज झोप लागेल.

१० डिसेंबर, बुधवार

पिंग पोचतं म्हणजे रस्ता आहे. पण फाइलींचं दार वेगळं असतं, टीसीपीचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट (केबल घालायचा पोर्ट नव्हे, सॉफ्टवेअरमधलं दार). खालच्या पीसीच्या पॉवरशेलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, फक्त तेवढंच दार ठोठावून पाहता येतं, ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेला पत्ता आणि पोर्ट दिला की झालं. उत्तर आलं: पिंग यशस्वी, ४४५ अयशस्वी.

मिंटमध्ये यूएफडब्ल्यू ही फायरवॉल असते, ती मुळात बंद असते. माझ्याकडे चालू होती, दोन वर्षांपूर्वी मीच चालू केली होती. ती पिंग जाऊ देते, बाकी सगळं अडवते. त्यामुळेच ही विसंगती.

इथे मावसभावाचा फोन आला. तो या कामातला माणूस आहे आणि मनापासून मदत करतो. त्याने दोन उपाय सांगितले: फायरवॉल बंद कर, आणि विंडोजमध्ये एसएमबी १ चालू कर, लगेच चालेल. मी म्हटलं, “दादा, फायरवॉलमध्ये एक खिडकी उघडते, भिंत नाही पाडत.” एसएमबी १ ला मी साफ नाही म्हटलं.

का, ते लिहून ठेवते, कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो. एसएमबी ही विंडोजची फाइली वाटून घेण्याची भाषा. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर, कुणी काही न उघडता. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं त्यात ठप्प झाली. ते भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता, पण असंख्य मशीनवर तो बसलेला नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एसएमबी १ आपणहून बसवणंच थांबलं, आणि साम्बानेही २०१९ मध्ये ती मुळात बंद ठेवायला सुरुवात केली. दोन्हीकडच्या लोकांनी विचार करून बंद केलेली गोष्ट मी आजीच्या एकमेव रेकॉर्डिंगांसाठी उघडणार नाही. आणि तिची गरजही नाही, आमची दोन्ही मशीन एसएमबी ३ बोलतात.

यूएफडब्ल्यूमध्ये एकच नियम घातला: १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या घरातल्या पत्त्यांना साम्बाकडे जाऊ दे. परत दार ठोठावलं. ४४५ यशस्वी.

१३ डिसेंबर, शनिवार

आता निरोप बदलला, म्हणजे आपण पुढच्या दारापाशी आलो. विंडोज म्हणतं, तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न देता पाहुणा म्हणून येता येणार नाही. आई म्हणाली, “अगं, कसली संस्था? आपलं घर आहे हे.” संस्था कुठलीच नाही, शब्द तेवढे कार्यालयातले आहेत. मी साम्बात फोल्डर पाहुण्यांसाठी खुला ठेवला होता, पासवर्डाची कटकट नको म्हणून. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संस्करणात पाहुण्याला मनाई आहे, आणि प्रत्येक देवाणघेवाणीवर सही लागते. पाहुण्याला पासवर्ड नसतो, त्यामुळे सहीही करता येत नाही.

हा नियम ढिला करायचा मार्ग आहे. पण मला तो नियमच पटला. वायफायचा पासवर्ड आमच्याकडे आलेल्या प्रत्येक भाच्याला माहीत आहे.

लिनक्सवर आईच्या नावाचा वापरकर्ता केला. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: साम्बाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डाहून वेगळा असतो आणि तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेने स्वतंत्र द्यावा लागतो. नुसता लिनक्सचा वापरकर्ता केला की काम झालं असं वाटतं, ते होत नाही. आणि खालच्या पीसीत आई जो चार आकडी पिन टाकून आत जाते, त्याचाही इथे काही संबंध नाही.

नाव-पासवर्ड टाकला तर चूक क्रमांक १२१९. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. सकाळपासून पाहुणा म्हणून आणि माझ्या नावाने जे प्रयत्न केले होते, त्यातलं एखादं नातं विंडोजने धरून ठेवलं होतं. ‘नेट यूज’ या आज्ञेने जुन्या जोडण्या पाहिल्या, सगळ्या तोडल्या. विंडोज जिथे पासवर्ड जपून ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली माझ्या नावाची नोंदही काढली. मग आईचं नाव टाकलं आणि आत गेले. म्हणजे शेअरचं नाव दिसलं. त्यावर क्लिक केलं तर ‘परवानगी नाही’.

जाता जाता एक. साम्बा हे नाव मला आवडतं. कॅनबेरातल्या अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास हे काम सुरू केलं. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा त्याने शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यातून हा नाचाचा शब्द निघाला.

१४ डिसेंबर, रविवार

सगळा दिवस परवानग्यांत गेला, पण हा भाग कळल्यावर फार समाधान वाटलं.

पहिली अडचण फोल्डरात नव्हतीच, त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेत होती. बाहेरून लावलेली डिस्क मिंट ‘मीडिया’ फोल्डरात, माझ्या नावाच्या खोलीत जोडतं. त्या खोलीचा उंबरा फक्त मलाच ओलांडता येतो. आतल्या ओव्यांच्या फोल्डरावर मी आईला कितीही हक्क दिले तरी ती दारापर्यंतच येऊ शकत नव्हती. परवानग्या शेवटच्या फोल्डराच्या पाहून भागत नाही, मुळापासून एकेक पायरी पाहावी लागते.

म्हणून डिस्क तिथून काढून ‘एसआरव्ही’ या सगळ्यांच्या फोल्डराखाली कायमची जोडली. कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, घातला, आणि डिस्क नसली तरी मशीन सुरू व्हावं म्हणून ‘नोफेल’.

इथे मनात एक भीती आली. वीज गेल्यावर डिस्क जोडली गेलीच नाही तर? लिनक्समध्ये डिस्क जिथे जोडतो ती जागा म्हणजे एक रिकामा फोल्डर असतो. डिस्क नसताना साम्बा तो रिकामा फोल्डरच दाखवेल. आईला वाटेल सगळं गेलं. किंवा त्याहून वाईट, ती त्यात नवं काही ठेवेल, ते मशीनच्या आतल्या छोट्या डिस्कवर, एसएसडीवर, पडेल, आणि पुढच्या वेळी डिस्क जोडली की त्याखाली झाकलं जाईल. उपाय सोपा निघाला. डिस्कच्या मुळाऐवजी डिस्कच्या आत केलेला ‘ओव्या’ हा फोल्डर शेअर केला. डिस्क नसेल तर ‘ओव्या’ही नसेल, आणि साम्बा सरळ नाही म्हणेल. डिस्क काढून पाहिलं, तसंच झालं.

दुसरी अडचण: आईला वाचता येतं, लिहिता येत नाही. फोल्डर माझ्या मालकीचा. आम्हा दोघींचा एक गट केला, फोल्डर त्या गटाचा केला, आणि नव्या फाइलींनी तोच गट घ्यावा म्हणून फोल्डराला २७७० अशी परवानगी दिली. त्यातला पहिला २ हेच काम करतो. साम्बाच्या बाजूनेही ‘फोर्स ग्रुप’ आणि नव्या फाइलींसाठी ०६६० घातलं. सगळ्यांना सगळं खुलं करणारा ७७७ घालून दोन मिनिटांत सुटलं असतं. मग त्या मशीनवरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला ओव्या पुसायची मोकळीक मिळाली असती.

संध्याकाळी साडेसातला आईने खालून एक नवी टिपणाची फाइल केली. मी वरून उघडली. त्यात तिने लिहिलं होतं, ‘चहा टाकलाय, खाली ये.’

१५ डिसेंबर, सोमवार

खालच्या पीसीत ‘नेटवर्क’ उघडलं तर वरचा पीसी दिसत नाही, फोल्डर मात्र पत्ता टाकला की उघडतो. दिसणं आणि उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी ती यादी नेटबायोस ही जुनी पद्धत आणि एसएमबी १ यांच्या मदतीने भरायची. आता विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या पद्धतीने शेजारी शोधतं आणि साम्बा स्वतः ती बोलत नाही. त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम मिळतो. आम्हाला यादी नकोच आहे, म्हणून तो बसवला नाही. फोल्डर सरळ झेड ड्राइव्ह म्हणून जोडून दिला, आईला सी आणि डीच्या शेजारी दिसतो.

१७ डिसेंबर, बुधवार

वेग पाहिला. खालचा पीसी वायफायच्या डोंगलवर होता तेव्हा सेकंदाला ३ एमबी. ६४ जीबीला सहा तास. केबल लावली, ११ एमबी झाले. मधल्या राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे आहेत, त्यांची ही कमाल मर्यादा. गिगाबिटसाठी नवा स्विच घ्यावा लागेल. तासाभराची एक फाइल साधारण एक जीबीची, ती दीड मिनिटात जाते. आमच्या कामाला पुरेसं आहे, खर्च करणार नाही.

२० डिसेंबर, शनिवार

खालच्या सगळ्या फाइली झेडवर पाठवायला घेतल्या. २९३ गेल्या, १९ अडल्या. त्याच त्याच १९. आकार तपासला, परवानग्या तपासल्या, फाइली वाजतायत का पाहिलं. सगळं ठीक.

शेवटी त्या १९ ची नावं एकाखाली एक ठेवून पाहिली. सगळी लांबलचक. आई फाइलीच्या नावात ओवीची पहिली अख्खी ओळ घालते, मग गाणारीचं नाव, मग गाव, मग तारीख. आजीबरोबर तिच्या जावा आणि शेजारणीही गायच्या, म्हणून गाणारीचं नाव लागतंच. पण विंडोजवर हीच नावं चालत होती.

वर टर्मिनलमध्ये तेच नाव देऊन रिकामी फाइल करायला गेले, तर लिनक्स म्हणालं, नाव फार लांब आहे. मग उलगडा झाला. दोन्हीकडची मर्यादा २५५ आहे, पण मोजमाप वेगळं. विंडोजची एनटीएफएस पद्धत २५५ खुणा मोजते. लिनक्सची ईएक्सटी४ पद्धत २५५ बाइट मोजते. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, त्यामुळे इंग्रजीत नावं देणाऱ्याला हा फरक जन्मात जाणवणार नाही. देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे लिनक्स ज्या पद्धतीने अक्षरं साठवतं तिच्यात, तीन बाइट घेते, आणि खूण म्हणजे नुसतं अक्षर नव्हे. काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. ‘कृष्णाकाठ’ घ्या. डोळ्याला चार अक्षरं दिसतात: कृ, ष्णा, का, ठ. खुणा नऊ. बाइट २७. म्हणजे देवनागरी नावाला लिनक्सवर जेमतेम ८५ खुणा मिळतात, आणि ओवीची एक ओळच चाळीस-पन्नास खुणांची असते.

आईला म्हटलं, नावात फक्त क्रमांक ठेवू, ओळ तक्त्यात लिहू. ती म्हणाली, “क्रमांकाने मला ओवी कशी सापडणार? मला तिचा पहिला शब्द आठवतो, तिथून पुढचं येतं.” हे खरं आहे. आजीही तशीच गायची. पहिला शब्द उचलला की पुढची ओळ जात्याच्या फेऱ्याबरोबर आपणहून यायची. तेव्हा असं ठरलं: तीन आकडी क्रमांक, ओवीचे पहिले तीन शब्द, गाव. गाणारीचं नाव, तारीख आणि पूर्ण ओळ तक्त्यात. नावं आई बदलणार, कारण कुठले तीन शब्द ते तिलाच ठरवता येईल.

२१ डिसेंबर, रविवार

आईने विचारलं, काही फाइलींची नावं इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची का झालीयत, मध्ये नागमोडी रेघ? त्या माझ्या. जिथे गावाची खात्री नव्हती तिथे मी नावात प्रश्नचिन्ह घातलं होतं. लिनक्सला ते चालतं, विंडोजला फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारका चालत नाहीत. म्हणून साम्बा अशा फाइलीला खालच्यासाठी तात्पुरतं छोटं नाव बनवून देतं. फाइल शाबूत असते. प्रश्नचिन्हाच्या जागी ‘शंका’ हा शब्द घातला, नावं परत मराठीत दिसू लागली.

२४ डिसेंबर, बुधवार

आज एक मूळ रेकॉर्डिंग पुसलं गेलं.

फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली दिसत होत्या, दोन्हींच्या नावात ‘दुसऱ्या’ हा शब्द. अक्षर न् अक्षर सारखं. आईला वाटलं एक जादा आहे, तिने एक पुसली. विंडोजने विचारलं, कायमची पुसू का? तिने हो म्हटलं. रीसायकल बिनमध्ये पाहिलं, तिथे नाही. नेटवर्कवरच्या ड्राइव्हवरून पुसलेली फाइल बिनमध्ये जात नाही, थेट जाते.

उरली ती माझी साफ केलेली प्रत. गेलेली मूळ. मूळ महत्त्वाची, कारण साफ करताना आवाजाचा थोडा भाग जातोच. त्यात जात्याची घरघरही आहे, आणि ती मला पंख्याच्या घरघरीपासून पूर्ण वेगळी करता येत नाही.

खालच्या पीसीवरची जुनी प्रत आईने नावं बदलताना कालच काढून टाकली होती. रात्री साडेदहाला रेकॉर्डरचं जुनं एसडी कार्ड कपाटात, हळदी-कुंकवाच्या डबीशेजारी सापडलं. ते २०१९ नंतर कुणी वापरलेलं नव्हतं. फाइल त्यात होती. आईने ती पूर्ण ऐकली आणि मगच झोपायला गेली.

२५ डिसेंबर, गुरुवार

एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली असूच शकत नाहीत, मग त्या आल्या कुठून? दोन्ही नावांचे बाइट मोजले. एक ‘दुसऱ्या’ २१ बाइटांचा, दुसरा २४ चा.

मराठीत हा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ ही स्वतंत्र खूण, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, संगणकावरच्या अक्षरांचं जे प्रमाण, त्या युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. संगणकाला मात्र ही दोन वेगळी नावं. आईच्या कळफलकातून एक निघतं, माझ्यातून दुसरं. मी साफ केलेली फाइल घाईत मूळच्याच फोल्डरात साठवली. नाव खरोखर सारखं असतं तर ऑडॅसिटीने, म्हणजे मी आवाज साफ करते त्या प्रोग्रॅमने, ‘यावर लिहू का’ विचारलं असतं. ते विचारलं नाही, इथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आज केलेले बदल. एक, मूळ फाइलींचा फोल्डर वेगळा, आणि तो साम्बात फक्त वाचण्यापुरता, आईसाठीही आणि माझ्यासाठीही. त्यातली उरलेली नावं आता तक्त्यावरून मी एकदाच स्क्रिप्टने बदलणार. दोन, सगळ्या नावांतला ऱ एकाच तऱ्हेचा करून घेतला, स्वतंत्र खुणेचा. ४७ नावं बदलली. तीन, साम्बाचं ‘रीसायकल’ हे मॉड्यूल चालू केलं. आता नेटवर्कवरून पुसलेली फाइल ‘टोपली’ नावाच्या फोल्डरात जाते. आईकडून एक खोटी फाइल पुसून घेतली, टोपलीत आली. तिने ती स्वतः उचलून परत जागेवर ठेवली, दोनदा.

चार, आणि हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं: मूळ फाइलींची पूर्ण प्रत वेगळ्या यूएसबी डिस्कवर. ती डिस्क उद्या साताऱ्याला काकांकडे जाईल. फोल्डर दोघींना दिसतो म्हणजे तो दोन ठिकाणी आहे असं नव्हे. तो एकाच डिस्कवर आहे, आणि आता त्याला पुसू शकणारे हात दोन आहेत.

२८ डिसेंबर, रविवार

दुपारी दोन तास वीज गेली. आल्यावर पाहिलं. खालचा पीसी आधी उठतो, वरचा राउटर आणि मिंट मागून. त्यामुळे झेडवर लाल फुली. आईला वाटलं परत काही गेलं. त्या फुलीवर एकदा क्लिक केलं की ड्राइव्ह जोडला जातो, हे तिला दाखवलं आणि मॉनिटरच्या कडेला कागदावर लिहून चिकटवलं. वरचं मशीन वीस मिनिटांनी झोपी जायचं, ते बंद केलं. काम चालू असेपर्यंत जागं राहील.

डिस्क आपोआप जोडली गेली. पत्ता तोच, ५०. फायरवॉलचा नियम जागेवर.

३ जानेवारी २०२६, शनिवार

मावसभाऊ आला होता. त्याला सगळं दाखवलं, एसएमबी १ बंद आणि फायरवॉल चालू असताना. ४४५ ची चाचणी त्याने स्वतः करून पाहिली. म्हणाला, त्याच्या ऑफिसातल्या एका जुन्या स्कॅनरसाठी ती आवृत्ती अजून चालू ठेवावी लागते. त्यावर बराच वेळ बोलत बसलो. तो स्कॅनर वेगळ्या नेटवर्कवर एकटा ठेवता येईल, हे त्याला पटलं.

आत्यांसाठी तीन पेन ड्राइव्ह आणले. प्रत्येकीला साफ केलेल्या फाइली आणि आईने लिहिलेल्या ओव्यांचा दस्तऐवज. मोठ्या आत्यांकडे संगणक नाही, त्यांना फोनवर लागतील अशा लहान एमपी३ करते आहे.

४ जानेवारी, रविवार

लांब नावांच्या १९ पैकी १६ चे तीन शब्द आईने ठरवले. उरलेल्या तीन फाइलींमध्ये आजी आणि तिची धाकटी जाऊ एकदम सुरुवात करतात, एक एक शब्द धरते आणि दुसरी दुसरा, कुठला पहिला ते ऐकू येत नाही. आई हेडफोन लावून बसली आहे. मी वरून फोल्डर उघडा ठेवला आहे. आत्ता, सव्वानऊला, तक्त्यात २०७ समोर तीन शब्द उमटले. २०८ अजून रिकामा.